‘सही केलीस ना, मग तक्रार कसली?’ : त्या फॉरवर्डला उत्तर

माझ्या भाचीला एका वेबसिरीजच्या ऑडिशनला बोलावलंय. घरात ही बातमी फुटली आणि तिच्या काकूंनी तिला एक लांबलचक मेसेज पाठवला. हाच मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. विषय इरॉटिक थ्रिलर, म्हणजे वासना आणि गुन्हा यांची गुंफण असलेले सिनेमे. त्याचं म्हणणं असं : हे सिनेमे म्हणजे कथेची झूल पांघरलेल्या ब्लू फिल्म, ही घाण पाश्चात्त्यांकडून आली, त्यातल्या बायका पैसे घेऊन सही करतात, तेव्हा हॉलिवूडच्या शॅरन स्टोनसारखं नंतर गळे काढायचा त्यांना हक्क नाही, ‘फेटल अट्रॅक्शन’ने मात्र लाखो संसार वाचवले, आणि शेवटी स्त्रीवाद्यांनी हा सगळा प्रकार बंद पाडला.

काकूंचा हेतू वाईट नाही, त्यांना काळजी वाटते. पण काम मिळायच्या आधीच ‘उद्या काही झालं तर तू बोलायचं नाहीस’ असं मुलीला बजावणारा मजकूर मी तसाच सोडणार नाही.

म्हणून सुरुवात सहीपासून. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, हा घातक आहे.

‘बेसिक इन्स्टिंक्ट’ (१९९२) मधला पोलीस चौकशीचा प्रसंग सगळ्यांना ऐकून तरी माहीत असतो. पांढऱ्या कपड्यातली नायिका (शॅरन स्टोन), समोर ओळीने बसलेले पुरुष आणि क्षणभर दिसलेलं ते दृश्य. शॅरन स्टोनने २०२१ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की चित्रीकरणाच्या वेळी तिला आतला कपडा काढायला सांगितला, कारण त्याच्या पांढऱ्या रंगावर प्रकाश परावर्तित होत होता. काही दिसणार नाही, असंही सांगितलं. प्रत्यक्षात काय दिसतंय हे तिला कळलं ते संकलन झाल्यावर, एजंट आणि वकिलांनी भरलेल्या खोलीत. त्यातल्या बहुतेकांचा सिनेमाशी संबंधही नव्हता. तिने दिग्दर्शक पॉल व्हर्होवनच्या थोबाडीत मारली, बाहेर येऊन वकिलाला फोन केला, आणि मग सगळा विचार करून, त्या पात्रासाठी ते योग्य आहे असं ठरवून, दृश्य राहू दिलं.

व्हर्होवनला हे मान्य नाही. तिला सगळं माहीत होतं, असं तो म्हणतो. त्या दिवशी सेटवर काय बोलणं झालं याचा निवाडा मी करू शकत नाही आणि मेसेज लिहिणाराही करू शकत नाही. पण वाद कशावरून आहे ते बघा. कॅमेऱ्यात नेमकं काय दिसणार याबद्दल दोघांच्या दोन गोष्टी आहेत. म्हणजे जिच्या शरीराचा प्रश्न होता तिच्याशी हे आधी नीट, लेखी ठरलेलंच नव्हतं. मग ‘सही केली होती’ याला अर्थ काय उरतो? सही सिनेमात काम करण्यासाठी असते. सेटवर ऐनवेळी सुचेल त्या प्रत्येक गोष्टीला तो होकार होत नाही.

आणि जिथे दिग्दर्शकानेच कबुली दिलीय तिथे काय म्हणणार? ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ (१९७२) थ्रिलर नव्हे, पण प्रश्न तोच. बलात्काराच्या प्रसंगात लोणी वापरलं जाणार याची कल्पना नायिका मारिया श्नायडरला आधी दिली नव्हती, कारण आपल्याला तिची प्रतिक्रिया अभिनेत्री म्हणून नव्हे, मुलगी म्हणून हवी होती, असं दिग्दर्शक बर्नार्दो बर्तोलुचीने २०१३ मध्ये स्वतः सांगितलं. चित्रीकरणाच्या वेळी ती १९ वर्षांची होती. सही तिनेही केलीच होती.

‘पैसे घेतले ना’ हे तर बोलूच नका. ‘बेसिक इन्स्टिंक्ट’साठी नायक मायकेल डग्लसला सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर मिळाले, स्टोनला सुमारे ५ लाख. प्रणयदृश्यांत दोघंही होते, पण बदनामी एकटीच्या वाट्याला आली. मुलाच्या ताब्याच्या खटल्यात न्यायाधीशांनी तिच्या लहानग्याला विचारलं, तुझी आई सेक्सचे सिनेमे करते हे तुला माहीत आहे का? हे तिने २०२३ मध्ये सांगितलं. डग्लसला असं कुणी विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

भाचीला मी सांगितलंय, असा प्रसंग असेल तर करारातच लिहून घे : काय दिसणार, किती दिसणार, त्या वेळी सेटवर कोण असणार, अंतिम संकलन तुला दाखवणार की नाही. इंटिमसी कोऑर्डिनेटर (प्रणयदृश्यं कलाकारांच्या संमतीने आखून घेणारी व्यक्ती) आहे का, हे विचारायला लाजू नकोस. आपल्याकडे ‘गहराइयाँ’ला (२०२२) या कामासाठी वेगळी दिग्दर्शक होती.

आता संसार वाचवणारं ‘फेटल अट्रॅक्शन’ (१९८७). त्यात एक विवाहित पुरुष ॲलेक्स (ग्लेन क्लोज) नावाच्या बाईशी लफडं करतो आणि मग ती त्याचा पिच्छा सोडत नाही. बाहेर पाऊल टाकण्याआधी काही नवरे घाबरले असतील, एवढं मी मान्य करते. पण तो सिनेमा कसा घडला ते स्त्रीवादी लेखिका सुझन फलुदीच्या ‘बॅकलॅश’ (१९९१) या पुस्तकात सविस्तर आहे, आणि ते वाचून ‘संसार वाचवले’ हा शब्दप्रयोग करवत नाही. मूळ गोष्ट जेम्स डिअर्डनच्या एका लघुपटाची. तिचा रोख बाहेरख्याली नवऱ्याच्या जबाबदारीवर होता. स्टुडिओच्या वाटेवर मसुद्यामागून मसुदे झाले, नवरा निर्दोष होत गेला आणि ती बाई भयंकर होत गेली. आधी चित्रित केलेल्या शेवटात ॲलेक्स स्वतःचा गळा चिरते आणि सुरीवरच्या ठशांमुळे पोलीस नवऱ्याला पकडतात. प्रदर्शनाआधी सिनेमा दाखवलेल्या चाचणी-प्रेक्षकांना ते रुचलं नाही. ग्लेन क्लोजने विरोध केला, तरी नवा शेवट चित्रित झाला : बाथटबमधली झटापट, मग बायकोच्या हातची गोळी, आणि सर्वात शेवटी पडद्यावर कुटुंबाचा फोटो. मेलेली बाई आपण गरोदर असल्याचं सांगत होती, याचा तोवर सगळ्यांना विसर पडलेला. नवऱ्याला शिक्षा काय? काहीच नाही. संसार वाचला तो दुसऱ्या बाईला मारून. मला या सिनेमांचा राग येतो तो इथे, उघड्या अंगापाशी नाही.

‘पाश्चात्त्यांकडून आलं’ यात अर्धं तथ्य आहे. ‘जिस्म’ (२००३) ‘बॉडी हीट’वरून आला, ‘मर्डर’ (२००४) ‘अनफेथफुल’वरून. ‘प्यार तूने क्या किया’ (२००१) वर ‘फेटल अट्रॅक्शन’ची सावली आहे. त्यात विवाहित पुरुषापायी वेडी होणारी ऊर्मिला मातोंडकर, बायको सोनाली कुलकर्णी, आणि वेड्यांच्या इस्पितळात पोचते ती ऊर्मिलाच. नक्कल केली ती आपल्या निर्मात्यांनी आणि तिकिटं काढली आपल्याच प्रेक्षकांनी, तेव्हा दोष परक्यांवर ढकलायचं कारण नाही.

राहिला ‘ब्लू फिल्म’चा आरोप. ‘बॉडी हीट’ (१९८१) मधली सगळी प्रणयदृश्यं कापून टाका. फ्लोरिडाचा उकाडा उरतो, एक सुमार वकील उरतो आणि एक मृत्युपत्र उरतं. मालमत्ता पुढे किती काळ बांधून ठेवता येते याला कायद्याची मर्यादा आहे. नायिका मॅटी नवऱ्याचं बनावट मृत्युपत्र मुद्दाम ती मर्यादा मोडणारं बनवते, तेही या वकिलाच्या नावावर. ते रद्द ठरतं आणि नवऱ्याच्या भाचीचा वाटा बुडून सगळी इस्टेट विधवेकडे येते. वकिलाला वाटतं ती आपल्यावर भाळली आहे, पण तिला हवा असतो अशा चुका करून बदनाम झालेला वकीलच. मोहात पडलेल्या माणसाला डोळ्यांसमोरचं दिसत नाही, ही या सिनेमांची खरी ओढ, आणि मला ती आवडते. ‘डबल इन्डेम्निटी’ने (१९४४) हेच एकही नग्न दृश्य न दाखवता केलं होतं.

आणि स्त्रीवाद्यांनी काहीही बंद पाडलेलं नाही. ‘बेसिक इन्स्टिंक्ट’विरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोत चित्रीकरण चालू असतानाच निदर्शनं झाली. ती समलिंगी हक्कांसाठी लढणाऱ्या गटांची होती, आणि आक्षेप नग्नतेला नव्हे, खुनी म्हणून लेस्बियन आणि बायसेक्शुअल बायकाच दाखवण्याला होता. तरी सिनेमाने जगभरात ३५ कोटी डॉलरच्या आसपास कमावले. २००६ चा दुसरा भाग ७ कोटी डॉलर खर्चून पडला, तो कुणाच्या मोर्चामुळे नव्हे, लोक बघायला गेलेच नाहीत म्हणून. तोवर उघडं अंग इंटरनेटवर फुकट मिळू लागलं होतं आणि मोठे स्टुडिओ सगळ्या वयांना चालतील अशा सिनेमांकडे वळले होते. आता याच प्रकारात बायका दिग्दर्शन करताहेत : क्लोई डोमाँटचा ‘फेअर प्ले’ २०२३ चा, हलिना रेनचा ‘बेबीगर्ल’ २०२४ चा. ‘बेबीगर्ल’साठी निकोल किडमनला व्हेनिस चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.