सामान्य माणसाची बातमी म्हणजे अफवा नव्हे

“बातमी देणे हे पत्रकारांचे काम, मोबाइलवरून लोकांनी दिलेली बातमी म्हणजे अफवा, आणि तिची जबाबदारी कोणावरच नसते,” असे मत आजकाल सर्रास पसरवले जाते. मला ते चुकीचे आणि घातक वाटते.

पहिला मुद्दा अधिकाराचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य सर्व नागरिकांना दिले आहे. वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य त्यातूनच निघते, त्याचा वेगळा उल्लेख घटनेत नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ३० एप्रिल २०२१ रोजी, प्राणवायू वा खाटांच्या टंचाईविषयी समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांवर कारवाई झाल्यास तो न्यायालयाचा अवमान मानू, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते.

अफवेचा आरोप अधिक गंभीर आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले? गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हे प्रशासन सांगते. पण पाणी मारुतीच्या कमरेला आहे की छातीला, हे घाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या छायाचित्रावरून कळते आणि काठावरचा दुकानदार त्यावरून माल हलवायचा की नाही ते ठरवतो. २०१६ किंवा २०१९ च्या पुराचे छायाचित्र ‘आत्ताचे’ म्हणून फिरू शकते, हे खरेच. परंतु तो दोष ते टिपणाऱ्याचा नसून तारीख न पाहता पुढे ढकलणाऱ्याचा आहे.

हा फरक किती जिवावर बेततो, हे आपल्या शेजारीच दिसले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना ठार मारले, आणि त्याच रात्री मालेगावात तशाच संशयावरून घेरलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी वाचवले. मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्याचे संदेश मोबाइलवरून फिरत होते; ते पुढे पाठवणारे कशाचेही साक्षीदार नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. ती पुढे पाठवण्यावर होती, स्वतः पाहिलेले सांगण्यावर नव्हती.

पत्रकार सगळीकडे पोहोचतातच, हेही खरे नाही. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा तालुक्यांच्या पाड्यांवर उन्हाळ्यात विहीर आटते तेव्हा तिथे पहिला कॅमेरा बहुधा गावातल्याच कोणाच्या तरी हातात असतो.

उरला जबाबदारीचा प्रश्न. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ खोटी माहिती वा अफवा पसरवून लोकांत भीती निर्माण करणाऱ्या कोणालाही लागू होते, मग तो पत्रकार असो वा नसो. मजकूर खरा मानण्यास वाजवी कारण असेल आणि तो वाईट हेतूविना, सद्भावनेने प्रसारित केला असेल, तर तो गुन्हा ठरत नाही, असा अपवादही त्याच कलमात आहे. गोदाकाठच्या रामकुंडावरून वेळ लिहून स्वतः टिपलेले छायाचित्र टाकणाऱ्याकडे असे कारण असते. ‘जसे आले तसे पाठवले’ म्हणणाऱ्याने ते कोठून आणावे?