थ्रेड वाढवले म्हणून रेस सापडत नाही

परवा रात्री अकराच्या सुमाराला भाचीचा मेसेज आला. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्ट म्हणून लिनक्स कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, एक छोटं मॉड्यूल लिहिते आहे. मेसेजात ‘कर्नलच्या मल्टिथ्रेडेड टेस्टचे पाच सोनेरी नियम’ ही पोस्ट होती आणि खाली तिची ओळ: “मामा, पाचही पाळले. ६४ थ्रेड, रात्रभर, १००० रन, सगळे पास. रिपोर्टमध्ये ‘रेस नाही’ असं लिहू ना?” थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं, आणि रेस म्हणजे ती कोणत्या क्रमाने चालली यावर अवलंबून असलेली चूक.

ही पोस्ट महिनाभरात मला तीन ग्रुपांवर दिसली होती. कोण वाद घालत बसणार, म्हणून सोडून दिली. आता ती घरातच आली आणि एका हुशार मुलीची तीन आठवड्यांची मेहनत तिच्या भरवशावर उभी आहे, म्हणून लिहितो.

पोस्टमधले नियम असे. एक, प्रोसेसरमध्ये जितके कोअर त्यांच्या दहापट थ्रेड टाका, जितके थ्रेड जास्त तितके बग जास्त सापडतात. दोन, १००० वेळा पास झालं की कोड रेसमुक्त. तीन, टायमिंगमुळे टेस्ट डळमळत असेल तर मध्ये स्लीप, म्हणजे ठरावीक थांबा, घाला. चार, अधूनमधून फेल होणारी टेस्ट तीनदा चालवा, एकदा पास झाली तरी पास धरा. पाच, केसीसॅन (रेस शोधणारं) आणि लॉकडेप (लॉकच्या क्रमातल्या चुका शोधणारं) ही कर्नलमधली साधनं असताना हाताने टेस्ट लिहिणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

सगळ्यात जास्त लोकांना पटतो तो पहिला, आणि तोच मुळात चुकीच्या समजावर उभा आहे. रेस म्हणजे गर्दी नव्हे. एका थ्रेडने जागा मोकळी आहे हे पाहिलं, आणि तो ती भरणार एवढ्यात दुसऱ्याने तीच जागा भरली: रेस ती एवढीच. त्याला दोन थ्रेड लागतात आणि एक विशिष्ट क्रम लागतो. २००८ मध्ये एएसप्लॉस या संगणकशास्त्राच्या परिषदेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी मायएसक्यूएल, अपाची, मोझिला आणि ओपनऑफिस या चार सॉफ्टवेअरांमधले १०५ खरे कॉन्करन्सी बग (एकाच वेळी चालणाऱ्या कामांमुळे होणाऱ्या चुका) एकेक करून तपासले. त्यातले ९६ टक्के बग फक्त दोन थ्रेडमधला क्रम ठरवून दिला की हमखास दिसतात. ९२ टक्के बगांना जास्तीत जास्त चार मेमरी अ‍ॅक्सेसचा क्रम, म्हणजे मेमरीत वाचण्या-लिहिण्याचा क्रम, पुरतो. ही कर्नलं नव्हेत, साधे प्रोग्रॅम आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. पण कर्नलमधलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण घ्या: डर्टी काऊ नावाचा सुरक्षा-बग. त्याला किती थ्रेड लागायचे? दोन. एक थ्रेड कर्नलला सांगत राहतो की मेमरीचं हे पान मला नको, दुसरा त्याच पानावर लिहीत राहतो. तेवढ्यावर फक्त वाचायची परवानगी असलेली फाइल बदलता यायची. हा बग २००७ च्या २.६.२२ या आवृत्तीपासून ऑक्टोबर २०१६ पर्यंत कर्नलमध्ये होता.

आता चार कोअरच्या लॅपटॉपवर ६४ थ्रेड टाकल्यावर काय होतं ते बघू. कोणत्याही क्षणी जेमतेम चार धावतात, बाकीचे साठ रांगेत उभे. शिवाय टेस्ट स्वतःच त्यांना रांगेत उभं करते, आणि हे भाचीच्या कोडमध्ये अगदी स्पष्ट होतं. प्रत्येक थ्रेड आपलं काम झालं की एका सामाईक काउंटरमध्ये भर घालत होता, त्या काउंटरवर म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक, होतं, आणि वर प्रत्येक वेळी लॉगमध्ये एक ओळ जात होती. म्हणजे मॉड्यूलमध्ये एकमेकांना भिडायच्या आधीच सगळे थ्रेड टेस्टच्या दारात एकामागोमाग येत होते. सुरुवातीला ‘सगळे एकदम सुटू देत’ म्हणून घातलेला बॅरियरही (सगळे जमेपर्यंत थांबवणारा अडसर) झोपलेल्या थ्रेडना उठवतो तो एकेकाला. त्या उठण्यात मायक्रोसेकंद जातात, आणि रेसची फट असते काही नॅनोसेकंदांची. थ्रेड वाढवावेत तशी रांग वाढते, टक्कर वाढत नाही.

रात्री फोनवर बसून आम्ही तिची टेस्ट बदलली. ६४ चे दोन थ्रेड केले. दोघांना वेगवेगळ्या कोअरवर बांधलं. बॅरियर काढून एका फ्लॅगवर (तो बदलला का हे सतत बघत) दोघांना फिरत ठेवलं, म्हणजे फ्लॅग बदलताच दोघेही जागेच असतात. काउंटर ज्याचा त्याला दिला, लॉगची ओळ काढली. आणि दर फेरीत एका थ्रेडला थोडा वेगवेगळा उशीर दिला, म्हणजे दोघांची पावलं एकमेकांवरून सरकत जातात. दुसऱ्या मिनिटाला तिच्या मॉड्यूलमधल्या नोंदींच्या रांगेतून एकच नोंद दोनदा बाहेर आली. रात्रभर ६४ थ्रेडना न दिसलेला बग.

ही काही माझी युक्ती नाही. लिनक्स टेस्ट प्रोजेक्टमध्ये ‘फझी सिंक’ नावाची लायब्ररी नेमकी हेच करते: दोन थ्रेड घेते, दोघांच्या नाजूक भागाला किती वेळ लागतो ते मोजते आणि ते भाग एकमेकांवर पडावेत असे यादृच्छिक उशीर घालते. रेसमुळे झालेल्या जुन्या सुरक्षा-बगांच्या बऱ्याच टेस्ट तिथे तिच्यावर बांधलेल्या आहेत. पोस्ट लिहिणाऱ्याने ती एकदा उघडून पाहिली असती तरी पहिला नियम लिहिला नसता.

यात अर्धं सत्य आहे, तेही सांगायला हवं. कोअरपेक्षा जास्त थ्रेड असले की शेड्युलर, म्हणजे कुणी कधी धावायचं ते ठरवणारा कर्नलचा भाग, थ्रेडना भलत्याच जागी मध्येच थांबवतो आणि त्यातून काही बग उघडे पडतात. आरसीयू ही लॉक न घेता वाचू देणारी कर्नलमधली पद्धत; तिची टेस्ट, आरसीयूटॉर्चर, व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवताना याचा फायदा घेतात. आणि प्रश्न बरोबर-चूक असा नसून वेगाचा असेल, तर कोअर आणि थ्रेड वाढवत न्यावेच लागतात. शेकडो सीपीयू एकाच लॉकवर येऊन थांबू नयेत म्हणूनच २००९ च्या २.६.२९ मध्ये आरसीयूची झाडासारखी रचना आली, आणि अशी कोंडी चार कोअरवर दिसत नाही. पण ती स्केलिंगची, म्हणजे कोअर वाढले की वेग किती वाढतो याची, मोजणी झाली. तिचा नियम उचलून रेस शोधायच्या टेस्टला लावायचा नसतो.

आरसीयूटॉर्चरकडून शिकायची मोठी गोष्ट वेगळीच आहे. तिथले वाचक थ्रेड नुसते वाचत नाहीत. लेखक थ्रेडने काढून टाकलेला प्रत्येक घटक किती ग्रेस पिरियड (आधीचे वाचक संपेपर्यंतचा काळ) जुना झाला याची त्या घटकातच नोंद असते, आणि वाचकाच्या हातात जास्त जुना घटक आला की टेस्ट तिथेच फेल. भाचीच्या पहिल्या टेस्टमध्ये अशी तपासणीच नव्हती. कर्नल कोसळलं नाही, म्हणून पास. नोंद दोनदा बाहेर आली असती तरी कुणाला कळलं नसतं.

चौथा नियम सगळ्यात घातक आहे, आणि यावर मला खरोखर राग येतो. हिशोब करून बघा. पाचातून एकदा फेल होणारी टेस्ट ‘तीनदा चालवून एकदा तरी पास’ या नियमाखाली घातली, तर तिन्ही वेळा फेल व्हायची शक्यता १२५ मध्ये १. शंभरातून एकदा फेल होणारी असेल, तर १० लाखांत १. रेस ही अधूनमधूनच दिसते, तो तिचा स्वभाव आहे. म्हणजे हा नियम वेचून वेचून रेसच गाळतो. अधूनमधून फेल होणारी टेस्ट हाती लागणं हे नशीब आहे. कधीकधी चूक टेस्टचीच निघते, हे खरं, पण ते फेल झालेल्या रनचा माग काढल्यावरच कळतं. पुन्हा चालवायचीच असेल तर आणखी फेल मिळवण्यासाठी चालवा.

दुसऱ्या नियमालाही आकडेच पुरतात. १०,००० रनमध्ये एकदा फेल होणारा बग १००० रनमध्ये न दिसण्याची शक्यता सुमारे ९० टक्के आहे. सलग १००० पास झाले तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की फेल होण्याचं प्रमाण हजारात तीनपेक्षा कमी आहे. तेही त्या मशीनवर, त्या कर्नलवर. डर्टी काऊ दुरुस्त करताना लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी नोंदवून ठेवलं आहे की अकरा वर्षांपूर्वी त्यांनी हाच बग बुजवायचा प्रयत्न केला होता, आणि तेव्हा निव्वळ कागदोपत्री वाटणारी रेस पुढे मेमरी व्यवस्थापन जास्त स्केल होऊ लागल्यावर साधणं सोपं झालं. कर्नलबाहेरचं उदाहरण हवं असेल तर १४ ऑगस्ट २००३. अमेरिका-कॅनडात ५ कोटी लोक अंधारात गेले, त्यामागच्या कारणांपैकी एक होतं ओहायोतल्या कंट्रोल रूमची मुकी झालेली अलार्म यंत्रणा. तिच्यात रेस होती, आणि त्याआधी ते सॉफ्टवेअर ३० लाखांहून जास्त तास ती न दिसता चाललं होतं.

स्लीपबद्दल फार लिहीत नाही. फट रुंद करायला मुद्दाम घातलेला उशीर वेगळा आणि टेस्ट हिरवी व्हावी म्हणून घातलेला स्लीप वेगळा. दुसरा फट बुजवतो. आर्म प्रोसेसर दोन राइटचा (मेमरीत लिहिण्याचा) क्रम उलटा दाखवू शकतो, इंटेलवर तो तसा उलटत नाही. टेस्टमध्ये एक मिलिसेकंद झोपलात की आर्मवरही काही दिसणार नाही, आणि बग तसाच फोनमध्ये जाईल.

पाचव्यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. लॉकडेप २००६ पासून कर्नलमध्ये आहे आणि त्याला प्रत्यक्ष डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकसाठी अडकून बसणं) व्हावाही लागत नाही. एकाच थ्रेडने कधी अ मग ब, आणि नंतर कधी ब मग अ असं लॉक घेतलं तरी ते ओरडतं. केसीसॅन २०२० च्या ५.८ मध्ये आलं, तेही उत्तम आहे. पण ते मूळ सेटिंगमध्ये साधारण ४००० अ‍ॅक्सेसमधून एकावर पाळत ठेवतं, ८० मायक्रोसेकंदांपर्यंत थांबतं आणि दुसरं कुणी तिथे हात घालतं का ते बघतं. जो कोड धावतच नाही तिथे ते काय बघणार? तो कोड धावायला लावणारी टेस्ट लिहावीच लागते. आणि भाचीचा बग तर त्याला दिसलाच नसता: तिने जागा बघताना लॉक घेतलं होतं, भरतानाही घेतलं होतं, मध्ये मात्र सोडलं होतं. प्रत्येक अ‍ॅक्सेस लॉकखाली, तरी नोंद दोनदा.

काल तिने दोन्ही पावलं एकाच लॉकखाली आणली. मग मी तिला ती दुरुस्ती काढून टाकून टेस्ट पुन्हा फेल होते का ते बघायला लावलं. तीनदा झाली, तिन्ही वेळा पाच मिनिटांच्या आत. दुरुस्ती परत घालून सहा तास चालवली, पास. रिपोर्टमधली ‘रेस नाही’ ही ओळ तिने खोडली आहे आणि त्या जागी हेच आकडे लिहिले आहेत. पोस्ट जिथून आली त्या कॉलेजच्या ग्रुपवर जुनी आणि नवी टेस्ट शेजारी शेजारी टाकायला मी तिला सांगितलं आहे.