‘रक्तातच आहे, मग गोळी कशाला?’

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला आणि तो वाचून आत्याने गोळी बंद केली. तिच्या अंगावरून वारं गेलं त्याला वर्षही झालं नव्हतं. चार दिवसांनी आम्हाला कळलं, तेव्हा घरात काय झालं ते सांगत बसत नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पक्षाघात रक्तातूनच येतो, आईवडिलांना झाला तर मुलांना होणारच. एक झटका आला की दुसरा ठरलेला. रक्त पातळ करायच्या गोळ्या आशियाई माणसांना लागूच पडत नाहीत आणि हे लपवलं जातं. एकदा जीन टेस्ट करा, सगळं कळेल.

‘आईवडिलांना झाला तर होणारच.’ थेट वारशाने येणारे प्रकार आहेत, पण मोजके. नॉच३ या जनुकातल्या बिघाडाने होणारा काडासिल हा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार त्यातला एक. तो पालकाकडून प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. गडचिरोली-नंदुरबारकडे ओळखीचा असलेला सिकल सेल हा रक्ताचा आजार दुसरा, त्यातही पक्षाघाताचा धोका असतो. पण तिथेही ‘होणारच’ हा शब्द टिकत नाही. अमेरिकेत १९९८ साली एका चाचणीत सिकल सेलच्या जोखमीच्या मुलांना नियमित रक्त दिलं, तर पहिल्या झटक्याचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त घटलं. बाकी बहुतेकांच्या बाबतीत जनुकांचा वाटा पुष्कळ बारीक बारीक फरकांत विखुरलेला असतो. ब्रिटनमधल्या तीन लाखांवर लोकांच्या २०१८च्या अभ्यासात जनुकीय जोखीम जास्त असलेल्यांना पक्षाघाताचा धोका कमी जोखीमवाल्यांपेक्षा ३५ टक्के जास्त निघाला. धूम्रपान, वजन, आहार, व्यायाम बिघडलेल्यांना तो ६६ टक्के जास्त होता.

‘दुसरा ठरलेला.’ ऑक्सफर्डमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेलं काम इथे पुरेसं आहे. सौम्य झटका येऊन गेलेल्यांवर लगोलग उपचार सुरू केले, तेव्हा ९० दिवसांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. गावातल्या लोकांची जनुकं तीच होती. औषध लवकर मिळालं, एवढाच फरक. पुन्हा येणाऱ्या झटक्यावर जनुकाची थेट छाप दिसते ती मेंदूतच, पण त्याच्या पृष्ठभागालगतच्या भागात रक्तस्राव होतो तेव्हा. २०००च्या एका लहान अभ्यासात, अवघे ७१ रुग्ण, एपीओई जनुकाचे ठरावीक प्रकार असलेल्या २८ टक्के लोकांना दोन वर्षांत पुन्हा रक्तस्राव झाला. ते नसलेल्यांत १० टक्के. म्हणजे तो वारसा असूनही दहांतल्या सातांना दोन वर्षांत काही झालं नाही.

आता गोळ्यांचं, कारण इथे मेसेजने खऱ्याचा तुकडा उचलून खोट्याच्या हारात ओवलाय. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तिला कामाचं रूप देतं. ज्यांच्या जनुकात हे विकर मंद आहे, त्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी करणाऱ्या पेशी, पुरेशा थंडावत नाहीत. आशियाई लोकांत अशांचं प्रमाण खरंच मोठं आहे. चीनमधल्या एका चाचणीच्या २०१६ साली आलेल्या जनुकीय विश्लेषणात सुमारे ५९ टक्के रुग्ण असे होते. अ‍ॅस्पिरिनला क्लोपिडोग्रेलची जोड दिल्यावर मंद विकर नसलेल्यांत ९० दिवसांतले झटके १२.४ वरून ६.७ टक्के झाले, असलेल्यांत १०.८ वरून ९.४, म्हणजे ठोस म्हणावा असा फायदा नाही. पण सगळे रुग्ण एकत्र धरले तर त्याच चाचणीत जोडगोळीचा फायदाच दिसला होता. ‘आशियाई माणसांना लागूच पडत नाही’ हे वाक्य म्हणजे निम्म्यांवरून सगळ्यांवर उडी आहे. शिवाय अ‍ॅस्पिरिनला या विकराची गरजच नसते. आणि लपवालपवी? अमेरिकेत २०१०पासून या औषधाच्या माहितीपत्रकावर हा इशारा ठळक चौकटीत छापलेला असतो.

राहिली जीन टेस्ट. हे विकर मंद आहे का ते पाहणारी टेस्ट उपयोगी आहे. ब्रिटनच्या नाइस या उपचारांबद्दल शिफारशी करणाऱ्या संस्थेने २०२४मध्ये पक्षाघातानंतर क्लोपिडोग्रेल देताना ती करावी अशी शिफारस केली. पण ती सांगते एका औषधाबद्दल. बीपी किती, हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, मानेतली रक्तवाहिनी अरुंद झाली आहे का, यातलं काही तिच्यात दिसत नाही.

आणि विकर मंद निघालं, तर उत्तर गोळी सोडणं नाही, बदलणं आहे. २०२१ साली चीनमध्येच अशा ६,४१२ रुग्णांत अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलॉर हे दुसरं औषध दिलं, तेव्हा झटके ६ टक्के आले; क्लोपिडोग्रेलवर ७.६. रक्तस्राव मात्र टिकाग्रेलॉरवर दुपटीने जास्त, बहुतेक किरकोळ, तरी कुणाला ते चालेल हे डॉक्टरच ठरवतात. आत्याने पुढच्या तपासणीला विचारायचा प्रश्न कागदावर लिहून ठेवलाय. गोळी तोवर चालू आहे, आणि ग्रुप आम्ही म्यूट केलाय.