अपात्र मरण

परवा संध्याकाळी पानठेल्यावर बसलो होतो. शेजारच्या पोराने मोबाईल पुढे केला, "दादा, हे पाहा." टायटन पाणबुडीचं रील होतं. आत दाटीवाटीने बसलेली पाच माणसं, मग एक आवाज, मग नुसता अंधार. कोणीतरी संगणकावर बनवलेलं. खाली मराठीतल्या कॉमेंटी. पैशाचा माज उतरला. दोन कोटी देऊन मरण विकत घेतलं. गरिबाला दिले असते तर पुण्य तरी लागलं असतं. आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारी ती पिवळी तोंडं, रांगेने. ठेल्यावरचे सगळे हसले. मला हसू आलं नाही, आणि का आलं नाही ते तिथे उभ्याउभ्या सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे. लांब होईल. वेळ असेल तेव्हा वाचा.

जून 2023 आठवा. आपल्याकडे पाऊस लांबला होता. पऱ्हाटीचं बियाणं घरात येऊन पडलं होतं आणि माणसं आभाळाकडे पाहत बसली होती. 18 जूनला, रविवारी, तिकडे अटलांटिक समुद्रात ही पाणबुडी टायटॅनिकचे अवशेष दाखवायला पाच जणांना घेऊन उतरली. पावणेदोन तासांत तिचा वरच्या जहाजाशी संपर्क तुटला. चार दिवस जगभरच्या बातम्यांमध्ये एकच हिशेब चालू होता, 96 तासांचा ऑक्सिजन, त्यातला किती उरला. आमच्या घरीही टीव्ही तिथेच लावलेला. बाबांना आधी समजेना. आमच्याकडे पाणबुडी म्हणजे विहिरीतली मोटर. "मोटरीत मानसं कशी बसली गा?" त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. मग ते टीव्हीसमोरून हललेच नाहीत.

त्याचं कारण आहे. बाबा तरुणपणी विहिरीत बुडी मारायचे. मोटर गाळात रुतली, कोणाची बादली पडली, जनावर पडलं, की बाबांना बोलावणं यायचं. माणूस पडला तरी बाबांनाच. कमरेला दोर बांधायचा, दोन हातांत धोंडा धरायचा आणि सरळ खाली जायचं. वीस-पंचवीस फुटांखाली कानात सुया टोचल्यासारखं होतं, ते सांगायचे. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं.

विहिरीतल्या पंचवीस फुटांची ही गत. टायटॅनिक पडलंय साधारण 3800 मीटर खोल. दर दहा मीटरला वरच्या हवेएवढा एकेक दाब वाढत जातो. तळाशी पोचेपर्यंत आपल्या नखाएवढ्या जागेवर चार क्विंटलच्या आसपास भार येतो. चार क्विंटल कापूस म्हणजे किती, हे इथे कोणाला सांगायला नको. तो नखावर ठेवायचा. तो भार पेलण्यासाठी पूर्वीपासून खोल पाण्यातल्या पाणबुड्यांचं माणसं बसायचं घर पोलादाचं नाहीतर टायटेनियमचं, गोल चेंडूसारखं करत आले. टायटनचं घर नळकांड्यासारखं होतं, कार्बन फायबरचे थर गुंडाळून आणि डिंकाने चिकटवून केलेलं. दोन्ही टोकांना तेवढं टायटेनियम. कार्बन फायबर ओढायला फार मजबूत, पण दाबायला लागलो की त्याचा भरवसा तितका राहत नाही. थर आतल्या आत सुटत जातात आणि वरून दिसत नाहीत.

आता जे सांगतो ते नीट वाचा, कारण माझा राग इथे आहे. ओशनगेट नावाच्या त्या कंपनीत पाण्यातल्या कामाचा प्रमुख असलेला डेव्हिड लॉकरिज 2018 मध्ये म्हणाला होता की हे घर नीट तपासल्याशिवाय माणसं खाली नेऊ नका. त्याला कामावरून काढलं. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या तीस-पस्तीसहून जास्त जाणकारांनी मालकाला, स्टॉकटन रशला, पत्र तयार केलं की बाहेरच्या संस्थेकडून तपासून घे. त्याने घेतलं नाही. तपासणीने नव्या शोधांचा वेग मंदावतो, असं त्याचं म्हणणं. 2022 मध्ये एका फेरीत वर येताना मोठा आवाज झाला. आत लावलेल्या यंत्रांत त्यानंतर फरक दिसत होता. तरी हिवाळाभर ती पाणबुडी कॅनडाच्या थंडीत उघड्यावर पडून राहिली आणि पुढच्या हंगामात पुन्हा पाण्यात गेली. पैसे भरून बसणाऱ्यांना प्रवासी म्हणायचं नाही, मिशन स्पेशालिस्ट म्हणायचं, म्हणजे प्रवाशांसाठीचे नियम लागू होणार नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाचा अहवाल आला. हा अपघात टाळता आला असता, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

दोर झिजलाय हे माहीत असताना "आतापर्यंत कुठं तुटला" म्हणून दुसऱ्याच्या कमरेला बांधणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय. रश स्वतः त्याच पाणबुडीत बसला होता आणि गेला, तेवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. बाकीच्यांना त्याने पूर्ण खरं सांगितलं होतं का, हा प्रश्न तो मरायच्या आधीच कोणीतरी विचारायला हवा होता, आणि तो विचारण्याचं काम सरकारांचं होतं.

पण कॉमेंटींमध्ये हे काहीच नाही. तिथे सगळा राग पैसे भरणाऱ्यांवर. एका जागेचे अडीच लाख डॉलर, तेव्हाचे दोन कोटी रुपये. रागाचं कारण मला कळत नाही असं नाही. आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली आणि सरकारने ती पात्र ठरवली, तर घरच्यांना एक लाख मिळतात. दोन कोटी म्हणजे अशी दोनशे घरं. एका माणसाच्या आठ-दहा तासांच्या हौशीत दोनशे घरं. हा हिशेब माझ्याही डोक्यात आला होता आणि पोटात खड्डा पडला होता. जगात पैसा असा वाटला गेलाय, त्याबद्दल भांडलंच पाहिजे, मीही भांडतो.

तरी, "पात्र" हा शब्द लिहिला आणि मी थांबलो. यवतमाळ, वाशिम, अमरावतीतल्या माणसाला हा शब्द काय आहे ते माहीत आहे. माणूस फाशी घेतो, कीटकनाशक पितो. मग कागद फिरतात. सातबारा त्याच्या नावावर होता का, कर्ज बँकेचं होतं की सावकाराचं, थकलेलं होतं का, दारू प्यायचा का. शेवटी एका रकान्यात पात्र किंवा अपात्र. अपात्र ठरलेल्याची बायको कार्यालयाच्या पायरीवर बसलेली मी पाहिली आहे. तिला पैशापेक्षा त्या शब्दाचंच जास्त लागलं होतं. "माह्या मानसाचं मरन खोटं होतं काय," असं ती विचारत होती.

आणि 2017. तेव्हाचं तर आमच्याच घरातलं आहे. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, अळी वाढली होती आणि चुलतभाऊ रोजाने फवारायला जात होता. पाठीवर बॅटरीचा पंप, तोंडाला दुपट्टा. पऱ्हाटी उंच, त्यामुळे फवारा वरून अंगावरच यायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, दिवा दोन दिसतो. रात्री काहीच दिसेना. दवाखान्यात पोचलो तर एकेका खाटेवर दोन-दोन जण. त्याचा हात धरून उभा होतो आणि तिथल्या एकाने पहिला प्रश्न विचारला, "पिऊन फवारत होता का?" दुसरा, "मास्क काहून नाही लावला?" माझा भाऊ थेंबभर पीत नाही. मास्क त्याला कोणी दिला नव्हता, आणि दिला असता तरी ऑक्टोबरच्या उन्हात तो तोंडावर ठेवून दिवसभर पंप मारून दाखवावा कोणीतरी. भावाची नजर दहा-बारा दिवसांनी परत आली. त्या हंगामात जिल्ह्यातले वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर परत आले नाहीत. शहरातली शिकलेली माणसं तेव्हा काय लिहीत होती ते मी वाचलंय. अडाणी आहेत, स्वतःच्या चुकीने मेले.

स्वतःच्या चुकीने मेले. परवाच्या रीलखाली हेच वाक्य होतं, फक्त अडाणी काढून श्रीमंत घातलं होतं. आमच्या माणसांवर मारलेला शिक्का आम्हीच उचलून दुसऱ्यांवर मारतो आहोत. फरक आहे, मान्य आहे. माझा भाऊ पोटासाठी गेला होता, ते हौसेसाठी. पण कोणत्या कारणासाठी मेलेला माणूस रडण्यालायक, हे ठरवायला बसलो की आपण त्या रकान्याच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसतो.

टायटनमधल्या पाचांतले एक होते पॉल-आंरी नार्जोले, 77 वर्षांचे, फ्रेंच नौदलातले जुने बुडीवाले, टायटॅनिकपर्यंत 37 वेळा जाऊन आलेले. एक होता सुलेमान दाऊद, पाकिस्तानातल्या कोट्यधीश घरचा, 19 वर्षांचा, बापासोबत गेलेला. त्याच्या आईने नंतर सांगितलं की आधी तीच जाणार होती, मुलाला हौस म्हणून तिने आपली जागा त्याला दिली. हे वाचल्यावर मला पुढे काही वाचवलं नाही. बाई अजून जिवंत आहे. ती कॉमेंटी वाचत असेल.

19 वर्षांवरून मला आमच्या गावातलं आठवतं. 2009 चा श्रावण. गावातल्या सगळ्यात मोठ्या कास्तकाराचा मुलगा, कॉलेजला नागपूरला, मित्रांना घेऊन आला होता. विहीर तुडुंब भरलेली. मित्रांसमोर वरून उडी मारायची म्हणून मारली आणि वर आला नाही. त्या कास्तकाराकडे बाबांची दोन महिन्यांची मजुरी अडकलेली होती. मागायला गेले तर ओसरीवरूनच हाकललं होतं. निरोप घेऊन माणूस पळत आला तेव्हा बाबा जेवत होते. हात न धुता उठले.

मी काठावर होतो, दोर माझ्या हातात होता. लोक जमले होते आणि मागून कुजबुज चालू होती, "पोट भरल्याची मस्ती." बाबा तीनदा खाली गेले. दुसऱ्यांदा वर आले तेव्हा डाव्या कानातून रक्त येत होतं. कपारीला धरून थोडा दम घेतला, कोणाकडे पाहिलं नाही, धोंडा मागितला आणि पुन्हा गेले. तिसऱ्यांदा त्याला घेऊनच आले. बाज सोडली, वर ओढला. पाय पांढरे पडले होते त्याचे, बोटांना शेवाळ लागलं होतं. कुजबुज तिथेच थांबली. बाबांचा तो कान तेव्हापासून गेला. मजुरी दिवाळीनंतर मिळाली, पण बाबांनी ती बुडी त्यासाठी मारली नव्हती. विहिरीत कोण पडलंय, हे आमच्याकडे माणूस बाहेर काढल्यावर विचारतात.

खोल जाण्यातच चूक आहे, असंही मला वाटत नाही. 1960 मध्ये ट्रिएस्ट नावाच्या पाणबुडीत बसून दोन माणसं मारियाना गर्तेच्या तळाला, जवळपास अकरा किलोमीटर खाली जाऊन परत आली. आपली मत्स्य 6000 चेन्नईत तयार होते आहे, तीन माणसांना सहा किलोमीटर खाली न्यायला, टायटेनियमच्या गोळ्यात. ऑगस्ट 2025 मध्ये आपले दोन जण फ्रान्सच्या नॉटिल पाणबुडीतून सरावासाठी खाली गेले, एक जण पाच किलोमीटरपर्यंत, आणि सुखरूप वर आले. तपासणी केली की माणूस परत येतो. फवारणीचा पंप असो की पाणबुडी.

एक गोष्ट मात्र कॉमेंटींमध्ये खरी होती, आणि ती मला खूप लागली. टायटनच्या चारच दिवस आधी, 14 जूनला, ग्रीसच्या पायलॉस गावापासून लांब समुद्रात आद्रियाना नावाची मासेमारीची नाव उलटली. लिबियाहून युरोपात मजुरीला निघालेली माणसं, साडेसातशेपर्यंत असावीत. 104 वाचली. 82 मृतदेह मिळाले. बाकीची तळाशी. त्यात पाकिस्तानातली शेकडो पोरं होती, म्हणजे एकाच आठवड्यात त्या देशातला कोट्यधीश बापलेक आणि शेकडो मजूर, दोघेही समुद्रात. एकासाठी चार देशांची जहाजं-विमानं आणि फ्रान्सहून यंत्रमानव. दुसऱ्यांसाठी बातमीची एक पट्टी. म्हणून लोक म्हणतात, पाच श्रीमंतांना शोधायला एवढा खर्च कशाला. माझं म्हणणं आहे, तेवढाच खर्च त्या नावेसाठी का नाही, हे विचारा. पाचांचा शोध बंद केल्याने नावेतला एकही माणूस वर येत नाही. जानेवारी 2024 मध्ये गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली, तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी चार दिवस टीव्ही लावून ठेवला होता?

बाबांनी ठेवला असता. 22 जूनला रात्री उशिरा बातमी आली, टायटॅनिकच्या टोकापासून पाचशे मीटरवर तुकडे सापडले, पाचही गेले. बाबा बराच वेळ गप्प होते. मग मी त्यांना ग्रीसच्या नावेबद्दल सांगितलं, तोवर त्यांना ते माहीतच नव्हतं. किती माणसं, बायका-पोरं होती का, सगळं विचारलं. बायका-पोरं खालच्या भागात होती म्हणतात, मी म्हणालो. चांगला कान माझ्याकडे करून त्यांनी विचारलं, "मंग तिथं कोनी बुडी मारली का?"

"नाही बाबा. फार खोल आहे तिथं."

"टायटॅनिकपेक्षा?"

मला उत्तर देता आलं नाही. बाबांनी टीव्ही बंद करायला सांगितला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.