सलाम सांगा

परवा चर्चच्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभी राहिले आणि दोन मिनिटांत खाली बसले. "माझ्या आयुष्यात जे झालं ते प्रभूने केलं, सगळा गौरव त्यालाच." मंडळी आमेन म्हणाली. खोटं काहीच बोलले नव्हते, तरी बसल्यावर खटकत राहिलं. प्रभूने केलं ते कुणाच्या हातून केलं, एवढंच मी गिळून टाकलं होतं.

आम्हा ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांची ही जुनी खोड. माणसाचे आभार मानले तर देवाच्या वाट्याचं कमी पडेल, अशी काहीतरी धास्ती. येशूचा प्रेषित पौल, त्याला ती नव्हती. बायबलमधल्या त्याच्या रोमकरांस पत्राचा, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, १६ वा अध्याय काढून बघा. आपण तो चाळून पुढे जातो, कारण तिथे नुसती नावं आहेत. आधी पाप, कृपा, नीतिमत्त्व असे एकाहून एक जड विषय, आणि शेवटी हा माणूस चक्क यादी घेऊन बसतो. ह्याला सलाम सांगा, तिला सलाम सांगा. फीबी नावाच्या बाईची शिफारस करून झाल्यावर तब्बल २४ जणांना नावानिशी सलाम! प्रिस्क आणि अक्विला माझ्यासाठी जिवावर उदार झाले म्हणतो. पर्सिसने फार श्रम केले म्हणतो. आणि रूफसच्या आईबद्दल म्हणतो, ती माझीही आई आहे. मी इथे दरवेळी थांबते. एवढा मोठा प्रेषित, पण त्यालाही कुणीतरी पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. तिने नेमकं काय केलं, ते लिहिलेलं नाही. आजारपणात उशाशी बसली असेल, नाहीतर चार खडे बोल सुनावले असतील. आया दोन्ही करतात. तिचं नावही त्याने दिलेलं नाही.

मीही नावं देणार नाही. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना फेसबुकवर आपलं नाव बघून अवघडल्यासारखं होईल.

पहिल्या आमच्या संडे स्कूलच्या बाई. मी आठ-नऊ वर्षांची असेन. उत्पत्तीचा पहिला अध्याय चालू होता आणि मी विचारलं, उजेड पहिल्या दिवशी झाला आणि सूर्य चौथ्या दिवशी, मग तो उजेड आला कुठून? पोरं हसली. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, "मला नाही माहीत. पण प्रश्न चांगला आहे, वहीत लिहून ठेव." बस, एवढंच. त्या दिवशी त्यांनी मला गप्प केलं असतं किंवा काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं असतं, तर पंधराव्या-सोळाव्या वर्षी मी मंडळीतून उठून गेले असते याची मला खात्री आहे. पुढे प्रश्न खूप पडले, त्याहून कठीण पडले. पण प्रश्न पडणं म्हणजे विश्वास सुटणं नव्हे, हे त्या रविवारीच डोक्यात बसलं होतं.

दुसरे एक वडीलजन, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एक. माझे बाबा गेले तेव्हा घरी येणाऱ्यांपैकी एकाने मला सुनावलं, की तुमची प्रार्थना विश्वासाने झाली नसणार. (तो माणूस वाईट नव्हता. त्याला काहीतरी बोलायचं होतं, एवढंच. पण ते वाक्य माझ्या छातीत वर्षभर रुतून होतं.) हे वडीलजन त्यानंतर दोन दिवसांनी आले. बराच वेळ नुसते बसून राहिले. मग खिशातून छोटं बायबल काढून ८८ वं स्तोत्र वाचलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, बाकीची विलापाची स्तोत्रं बहुधा शेवटाकडे आशेवर येतात, हे येत नाही. हे अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर त्यांनी अर्थ सांगितला नाही, बायबल मिटलं आणि निघून गेले. देवासमोर नुसतं रडगाणं गायलं तरी त्याला प्रार्थना म्हणतात, आणि ते पवित्र शास्त्रात छापलेलं आहे, हे मला त्या दुपारी कळलं. त्याआधी कितीतरी संदेश ऐकले होते, त्यातला एकही त्या वर्षी कामी आला नाही.

तिसरी माझी मैत्रीण. ती देव मानत नाही. एकदा म्हणाली, "तू रोज ती प्रभूची प्रार्थना म्हणतेस ना, ऋण्यांना ऋण सोडण्याची? मग बहिणीशी दोन वर्षं का बोलत नाहीस?" मला राग आला. चार दिवसांनी बहिणीला फोन केला. माझ्या विश्वासाच्या वाटेवर जिचे सर्वांत जास्त आभार मानावेत ती बाई नास्तिक निघावी, याचं मंडळीत काही जणांना वाईट वाटेल. त्याला माझा इलाज नाही.

काहींना तर आपण काय करून गेलो याचा पत्ताही नसतो. ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत ऑगस्टीन, पुढे संत म्हणून ओळखला गेलेला, रडत बसला होता. शेजारच्या घरातून एका लहान मुलाचा आवाज आला, "घे, वाच. घे, वाच." त्याने उठून पौलाचं पुस्तक उघडलं तर नेमकं हेच रोमकरांस पत्र निघालं, आणि त्या ओळींनी त्याचं आयुष्यच पालटलं. तो मुलगा होता की मुलगी, ते कळलं नाही असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. ते पोर आपल्या नादात काहीतरी म्हणत असणार.

आणि वाचायला आपल्या भाषेत बायबल हवं, त्यामागेही माणसंच. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या. १९२२ मध्ये गेल्या, तोवर त्यांच्या हातात हेच काम होतं. त्यांचे आभार मानायला तर मी जन्माआधीच उशीर केला.

बाई मात्र अजून आहेत. परवाच्या त्या फसलेल्या साक्षीनंतर मी त्यांना फोन लावला. उजेडाचा प्रश्न त्यांना अजिबात आठवत नव्हता. मी सगळं सांगितलं, सांगताना आवाज जरा जडही झाला. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बरं, मग उत्तर मिळालं का गं?"

"नाही हो बाई."

"आणि ती वही?"