पन्नास हजारांत नवं बाथरूम: या हिशेबात भिंती कुठे गेल्या?

‘३५ चौरस फुटांचं बाथरूम चौरस फुटाला १,४०० रुपये धरले तर ४९ हजारांत नवं होतं. जुन्या टाइलवरच नवी टाइल बसवा, तोडफोड वाचते. टाइल हेच वॉटरप्रूफिंग, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. सामान स्वतः आणा, मिस्त्रीला फक्त मजुरी द्या. पाच दिवसांत काम संपतं. अडीअडचणीला दहा टक्के बाजूला ठेवा.’

हा निरोप मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, माहेरच्या, शाळेच्या मैत्रिणींच्या आणि भिशीच्या. मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला, “ताई, आमचा मिस्त्री एक लाख साठ हजार सांगतोय. लुबाडतोय का गं?” तिने मिस्त्रीचा कागद पाठवला. तो प्रामाणिक होता, आणि या निरोपामुळे ती त्याला नाही म्हणायला निघाली होती. आमच्या पुण्यातल्या, नव्वदच्या दशकात बांधलेल्या इमारतीतल्या घराचं बाथरूम आम्ही पूर्ण फोडून नवं केलं. रोजचा खर्च मी वहीत लिहीत होते. त्या वहीच्या आधारे एकेका मुद्द्याचं उत्तर देते.

पहिला मुद्दा चौरस फुटाचा. घराला रंग देताना, हॉलची फरशी बदलताना हा भाव चालतो. बाथरूमला चालत नाही, कारण तिथे फरशी हा सगळ्यात छोटा भाग असतो. ५ बाय ७ फुटांचं बाथरूम घ्या. चारही भिंतींची लांबी मिळून २४ फूट. सात फूट उंचीपर्यंत टाइल लावायची म्हटली तर १६८ चौरस फूट. दार आणि झरोक्याचे वीसेक फूट वजा करा, उरले १४८. त्यात फरशीचे ३५ मिळवा, म्हणजे १८३. कापण्यात आणि फुटण्यात जाणारे दहा टक्के धरले की टाइल आणायची २०० चौरस फुटांची. ६० रुपये भावाची साधी टाइल घेतली तरी १२ हजार होतात. नुसत्या फरशीचा हिशेब केला तर २,१०० वाटतात. टाइल बसवण्याची मजुरीही १८३ फुटांवरच लागते, ३५ वर नाही.

दुसरं असं की बाथरूम लहान झालं म्हणून कमोड अर्धा येत नाही. एक कमोड, एक बेसिन, एक डायव्हर्टर (पाणी नळाला किंवा शॉवरला वळवणारा कॉक), एक शॉवर, एक नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी वाहून नेणारं जाळीचं तोंड), गरम-गार पाण्याच्या दोन लाइनी हे सगळं ३५ फुटांतही लागतं आणि ६० फुटांतही. त्यामुळे बाथरूम जितकं लहान, तितका चौरस फुटाचा भाव जास्त पडतो. निरोपातला हिशेब नेमका याच्या उलट चालतो.

टाइलवर टाइल. यात तथ्य आहे, ते आधी मान्य करते. जुनी टाइल घट्ट असेल, टिचकी मारल्यावर कुठेही पोकळ वाजत नसेल, खाली ओल नसेल आणि पाइप चांगले असतील, तर त्यासाठी मिळणाऱ्या खास अ‍ॅडहेसिव्हने वरून टाइल बसवता येते. पण अशा बाथरूमला नूतनीकरण फक्त रूप बदलायला हवं असतं. बहुतेक लोक हात घालतात तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं: पाणी तुंबतं, भिंतीला पोपडे येतात, नळाची धार बारीक झालेली असते. जुन्या इमारतींत भिंतीत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असतात आणि ते आतून गंजून अरुंद होतात. त्यांच्यावर दुसरी टाइल चढवायची म्हणजे बिघाडावर कुलूप लावायचं. पुढे पाइप फुटला की दोन्ही थर फोडावे लागतात.

शिवाय टाइल आणि तिच्याखालचा थर मिळून फरशी अर्धा इंच किंवा त्याहून जास्त चढते. बाथरूमची फरशी खोलीपेक्षा खाली असते ती पाणी बाहेर येऊ नये म्हणून. हा पातळीतला फरकच मग हरवतो. दार खालून कापावं लागतं, नहाणी ट्रॅपची जाळी खोल खड्ड्यात जाते आणि कमोड काढून त्याचा जोड पुन्हा करावा लागतो. यातल्या एकाही गोष्टीचा पैसा त्या ४९ हजारांत नाही.

आता वॉटरप्रूफिंग. या मुद्द्यासाठीच खरं तर मी लिहायला बसले, कारण बाकीच्या चुकांनी तुमचे पैसे जातात, या चुकीने दुसऱ्याचं घर खराब होतं.

टाइलमधून पाणी झिरपत नाही, हे ठीक. पण दोन टाइलमधल्या सांध्यांतून झिरपतं. सांध्यांत भरलेलं व्हाइट सिमेंट वाळताना आक्रसतं, त्याला बारीक भेगा पडतात. त्यात आपल्याकडे बाथरूम अ‍ॅसिडने धुवायची सवय. ते अ‍ॅसिड सांध्यातलं सिमेंट खातं. तसं धूत राहिलं की सांधे ठिसूळ होतात. सांध्यातून गेलेलं पाणी टाइलखालच्या सिमेंट-वाळूत उतरतं. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि त्या खड्ड्यात, ज्याला मिस्त्री ‘सन्क’ म्हणतात, विटांचे तुकडे भरलेले असतात. ते तुकडे पाणी धरून ठेवतात. खड्डा भरला की पाणी वाट शोधतं, आणि ती वाट बहुधा स्लॅबमधून खाली जाणाऱ्या पाइपाच्या कडेने मिळते. म्हणजे तुमचं बाथरूम वरून कोरडं, चकचकीत दिसत असतं आणि खालच्यांच्या छताला डाग पडत असतो.

आमचं काम सुरू झालं तेच यामुळे. खालच्या काकू एका सकाळी वर आल्या आणि म्हणाल्या, “अगं, देवघरावर थेंब पडतोय गं.” त्यांचं देवघर आमच्या बाथरूमच्या बरोब्बर खाली होतं. मला इतकं अपराधी कधी वाटलं नव्हतं. त्याआधी दोनदा आम्ही वरवर सांधे भरून घेतले होते. दोन्ही वेळचे पैसे गेले आणि काकूंचा रंगही गेला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याची विभागणी स्पष्ट आहे: पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी सभासदाने. तेव्हा ‘सोसायटी बघेल’ असं म्हणून हा खर्च टळत नाही.

नीट केलेलं काम असं असतं. स्लॅब दिसेपर्यंत सगळं उकरून काढायचं. पाइप जिथे स्लॅबमधून जातात तिथली भोकं न आक्रसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे फटी भरायच्या मिश्रणाने, भरायची. फरशी आणि भिंत जिथे मिळते त्या कोपऱ्याला सिमेंटने गोलाई द्यायची, मिस्त्री तिला ‘वाटा’ म्हणतात, कारण काटकोनात कोटिंग फाटतं. मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटी कोटिंगचे दोन हात, एक आडवा आणि एक उभा, भिंतीवर किमान फूटभर चढवून. शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या वरपर्यंत. ते वाळलं की ट्रॅपला बूच मारून पाणी भरून ठेवायचं, कमीत कमी २४ तास, शक्य असेल तर ४८. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारायची. या काळात खालच्या घरी जाऊन छत बघायचं. मी काकूंकडे सकाळ-संध्याकाळ चहाला जात होते आणि छताकडे पाहत बसत होते. ही परीक्षा पास झाल्याशिवाय पुढचा कोबा आणि टाइल नाही. या परीक्षेला भरलेल्या पाण्यापलीकडे खर्च नाही, लागतात फक्त दोन दिवस.

आणि ते दोन दिवस ‘पाच दिवसांत पूर्ण’मध्ये बसत नाहीत. आमचं काम १९ दिवस चाललं. तोडफोड आणि राडारोडा खाली नेणं, पाइप टाकणं, त्यांना हातपंपाने दाब देऊन रात्रभर तपासणं, कोटिंग वाळणं, पाणी भरणं, कोब्याला पाणी मारणं, टाइल, सांधे, शेवटी नळ. बहुतेक सोसायट्यांत दुपारी ठोकाठोक बंद असते, रविवारी काम चालत नाही. घरात एकच बाथरूम असेल तर १९ दिवस आंघोळीला कुठे जायचं, याचाही हिशेब आधी करावा लागतो. पाच दिवसांत काम संपवून देणारा माणूस वाळण्याचा वेळ गाळतोय, एवढं नक्की.

‘सामान स्वतः आणा’ हा सल्ला मला पटतो, आम्हीही तेच केलं. दुकानात स्वतः गेलं की भाव कळतो, निवड आपली राहते. फक्त निरोपात लिहिलं नाही ते सांगते. टाइलच्या खोक्यावर बॅच आणि शेडचा क्रमांक असतो. सगळी खोकी एकाच क्रमांकाची घ्या आणि दोन-तीन टाइल जास्तीच्या ठेवा, कारण पुढे तीच छटा मिळत नाही. कमोड घेण्याआधी मागच्या भिंतीपासून मैल्याच्या पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, नाहीतर दारात आलेला कमोड परत जातो. दुकानदाराने सांगितलेला भाव करासह आहे का, ते विचारा. टाइलवर १८ टक्के जीएसटी आहे, सिमेंटवरचा २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ वर आला. आणि किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंची यादी प्लंबरकडून आधीच लिहून घ्या: अँगल कॉक, कनेक्शन पाइप, वेस्ट कपलिंग, बॉटल ट्रॅप, एक्स्टेन्शन निपल, जाळी. आमच्याकडे या ‘किरकोळ’ वस्तूंचेच सहा हजार झाले.

वहीतली बेरीज अशी. तोडफोड आणि राडारोडा १७ हजार, वॉटरप्रूफिंग आणि कोबा २४, पाइप आणि प्लंबरची मजुरी २६, गिझरसाठी वेगळी वायर, अर्थिंग आणि विजेची गळती पकडणारा ब्रेकर ९, टाइल-अ‍ॅडहेसिव्ह-ग्राउट २२, टाइलची मजुरी २०, कमोड-बेसिन-नळ आणि त्या किरकोळ वस्तू ३४, नवीन दार १०. एकूण १ लाख ६२ हजार. तुमच्या गावात आकडे थोडे खालीवर होतील. पण पहिल्या चार रकमा बघा: ७६ हजार. आज बाथरूममध्ये उभं राहिलं तर यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. निरोपाचा सगळा हिशेब दिसणाऱ्या वस्तूंचा आहे. माझं म्हणणं इतकंच की हिशेब भिंतीच्या आतून सुरू करा. जे पुन्हा बदलायला फोडाफोड लागते त्यात घासाघीस नको. नळ, आरसा, शॉवर पुढच्या वर्षीही बदलता येतो, एका दुपारचं काम असतं.

दहा टक्के राखीव? नव्या इमारतीत पुरतील. पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतीत फोडल्यावर काय निघेल ते मिस्त्रीलाही ठाऊक नसतं. आमच्याकडे स्लॅबची सळई गंजलेली निघाली आणि तिच्या दुरुस्तीला दोन दिवस गेले. मी वीस टक्के ठेवायला सांगेन. सगळे पैसे आधी देऊ नका. तोडफोड झाल्यावर, पाण्याची परीक्षा झाल्यावर, टाइल झाल्यावर आणि नळ लागल्यावर असे टप्पे पाडा.

पन्नास हजारच हातात असतील तर? तरीही बरंच करता येतं. खाली ओल नसेल आणि पाइप शाबूत असतील तर फोडू नका. सांधे खरवडून एपॉक्सी ग्राउट भरून घ्या, कमोड आणि नळ बदला, दार बदला, घसरट फरशी असेल तर तेवढीच खरखरीत टाइल बसवा, आणि घरात वयस्कर कुणी असेल तर कमोडशेजारी पक्क्या भिंतीत आधाराचा दांडा लावा. पण खालच्यांच्या छतावर डाग असेल, तर त्या पैशांतून नळ विकत घेऊ नका. आधी सन्क उघडा, वॉटरप्रूफिंग करून घ्या, आणि पैसे साठेपर्यंत वर साधी फरशी राहू द्या. मावसबहिणीला मी हेच सांगितलं. तिने मिस्त्रीच्या कागदावर एकच ओळ वाढवून घेतली आहे: ‘४८ तास पाणी भरून दाखवणे’.