बोखाऱ्याचं मैदान एकदा बघाच

वस्तीतल्या मुलांच्या फुटबॉलवरचा हा लेख आवडला, पण खाली प्रतिक्रियांमध्ये एकांनी लिहिलंय की गरीब मुलांना फुटबॉल देण्यापेक्षा शिकवणी लावून द्या. हे अजिबात पटलं नाही. नागपूरजवळ बोखाऱ्याला वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या 'स्लम सॉकर' या संस्थेचं काम मी पाहून आलोय, म्हणून लिहितो.

हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांना भर पावसात वस्तीतली मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली आणि २००१ मध्ये हे काम सुरू झालं. झोपडपट्टी फुटबॉल! मी गेलो तेव्हा मैदानात आकडे लिहिलेले कोन (शंकू) मांडले होते. शिकवणाऱ्या ताई ओरडल्या, "सात चोक?" की चेंडू घेऊन अठ्ठावीसकडे धूम. एक चिमुरडी चोवीसपाशी थबकली, बोटांवर मोजलं, वळली आणि अचूक कोनाला चेंडू मारला. कोणी हसलं नाही, ओरडलं नाही. आता सांगा, ही शिकवणी नाही तर काय?

आणि मुली! वस्तीतल्या मुलीला संध्याकाळी मैदानावर पाठवायला घरचे सहज तयार होत नाहीत. त्यासाठी प्रशिक्षकांना घरोघरी जाऊन आईबापांशी बोलावं लागतं. माझ्या मते खरं काम हेच आहे. यातल्याच काही मुलामुलींनी होमलेस वर्ल्ड कपमध्ये, म्हणजे बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत, भारताची जर्सी घातली, २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. आपल्या नागपूरच्या संस्थेला, बरं का.

मदत करायची असेल तर जुने कपडे पाठवण्याआधी तिथे विचारा, कशाची गरज आहे ते. बूट झिजतात, चेंडू फाटतात, हा खर्च कायमचाच असतो.